युद्ध कोणाचे, निर्णय कोणाचा?

परक्या भूमीवर लढाई सुरू करताना राज्यकर्ते तिला सहसा युद्ध म्हणत नाहीत. कोणी मित्राला दिलेल्या वचनाचा हवाला देतो, कोणी निष्ठेचा, कोणी शांततेचा. पहिले पाऊल लहान असते. पण ते पडले की मागे फिरणे ही नामुष्की ठरते. ज्यांची मुले लढणार त्यांना विचारण्याची वेळ येते तेव्हा विचारण्यासारखे काही उरलेले नसते.

नांदेड-लातूरला हा अनुभव अपरिचित नाही. १९१४ साली हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. युरोपातील सत्तांच्या भांडणाशी गोदावरी-मांजराकाठच्या कुणब्याचा काडीचाही संबंध नव्हता. तरीही तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने उतरताच निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना इंग्रजांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले आणि संस्थानाचा पैसा व घोडदळ युद्धकार्यास दिले. हैदराबादचे स्वार इजिप्त-पॅलेस्टाइनपर्यंत गेले. दिल्लीतील तीन मूर्तींपैकी एक त्यांच्या स्मरणार्थ आहे. १९१८ मध्ये निजामांना नव्या पदव्या मिळाल्या. रयतेचे मत कोणी विचारले नाही. १९३९ मध्येही तेच घडले. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी लोकप्रतिनिधींना न विचारता भारत युद्धात असल्याचे जाहीर केले, तेव्हा ब्रिटिश मुलखातील काँग्रेस मंत्रिमंडळांना निदान राजीनामे तरी देता आले. हैदराबादेत स्टेट काँग्रेसवर १९३८ पासूनच बंदी होती.

ते राजे होते, परके होते, असे म्हणून हा विषय मिटत नाही. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला आणि लगोलग भारतीय शांतिसेना श्रीलंकेत उतरली. सह्या आधी झाल्या, संसदेला माहिती नंतर मिळाली. शस्त्रे खाली ठेवून घेण्यासाठी गेलेली सेना ऑक्टोबरात त्याच वाघांशी लढू लागली. नोव्हेंबरात महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन धारातीर्थी पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली तोवर अकराशेहून अधिक जवान गेले होते. परतणाऱ्यांच्या स्वागताला तामिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. सैनिकांच्या शौर्यात उणे नव्हते. त्यांना कशासाठी पाठवले, हे देशाला नीट सांगितलेच गेले नव्हते.

याच्या उलट उदाहरणही आपल्याच देशाचे आहे. २००३ साली इराकमध्ये सैन्य पाठवावे, असा अमेरिकेचा आग्रह होता. ८ एप्रिलला लोकसभेने त्या युद्धाविरुद्ध एकमताने ठराव केला होता. पंतप्रधान वाजपेयी यांनी विरोधकांशी विचारविनिमय केला आणि १४ जुलैला, संयुक्त राष्ट्रांच्या स्पष्ट आदेशाविना सैन्य न पाठवण्याचा निर्णय झाला. चर्चेने राष्ट्र दुबळे होत नाही. उलट शहाणपणाने नाही म्हणण्याचे बळ तिच्यातूनच मिळते.

देशावर हल्ला झाला तर सरकारने क्षणाचाही विलंब लावू नये, हे सर्वमान्य आहे. परदेशी सैन्य धाडणे ही गोष्ट मात्र वेगळी आहे. त्यासाठी संसदेची पूर्वसंमती घेतलीच पाहिजे, असे बंधन आपल्या राज्यघटनेत नाही. ते कायद्याने घालावयास हवे. या भागाने शंकरराव चव्हाणांच्या रूपाने देशाला गृहमंत्री दिला, शिवराज पाटील चाकूरकरांच्या रूपाने लोकसभेचा अध्यक्ष दिला. त्यामुळे हा प्रश्न दूरच्या दिल्लीचा, असे मानण्याचे कारण नाही. ज्या स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाचे विद्यापीठ नांदेडात उभे आहे, त्यांनी मागितले ते जबाबदार राज्यच. राज्य जबाबदार असेल, तर रणभेरी वाजवण्याआधी त्याने प्रजेला कारण सांगितले पाहिजे. आणि ते विचारण्यास प्रजेनेही कचरता कामा नये.