गळाला लागलं, पानात नाही आलं

मागच्या उन्हाळ्यात मी लेकाकडे मिनेसोटात होते. त्याच्या मित्रमंडळींबरोबर आम्ही पार उत्तरेला ‘लेक ऑफ द वुड्स’वर मासे धरायला गेलो. सरोवर कसलं, समुद्रच! १४,०००वर बेटं, नि पलीकडचा काठ कॅनडात. तिथला लाडका मासा वॉलआय. मिनेसोटानं १९६५ साली त्याला राज्याचा मासाच ठरवलाय. डोळे मांजरासारखे चमकणारे. अंधारात छान दिसतं, म्हणून स्वारी तिन्हीसांजेला चरायला निघते. मग काय, ऐन जेवणाच्या वेळी आम्ही होडीत, डासांना जेवू घालत!

पहिला दांडगा मासा लागला सूनबाईच्याच गळाला. तिला पाचवा महिना, त्यातून मासळीचे डोहाळे. मी तर मनातल्या मनात वाटण काढायला बसले. पण बरोबरच्या बाई म्हणाल्या, “काकू, एवढा मोठा हिला नको हं.” मोठ्या माशाच्या अंगात वर्षानुवर्षं पारा साठतो, पोटातल्या बाळाच्या मेंदूला तो बाधतो, धुऊन नाही की तळून नाही, जातच नाही मेला! गर्भारणीनं लहान वॉलआय खावा, तोही क्वचित. शिवाय ठरावीक मापाचे मोठे मासे तिथं कायद्यानंच सोडावे लागतात.

सोडला. पोरीचं तोंड एवढंसं झालं.

दुसऱ्या दिवशी लहान मिळाले. हळद, तिखट, मीठ, लिंबू लावून तुकड्या तांदळाच्या पिठीत घोळवल्या नि कुरकुरीत तळल्या. काटा नावालाच, चव सौम्य. आपल्या बांगड्याची सर नाही, खरं सांगते. सूनबाईला एकच तुकडी वाढली. तिनं पुन्हा पान पुढं केलं, तेव्हा मी ताट उचलून आत नेलं.