वाचकाच्या आवडीचा न्याय कोणी करायचा?

अभिजात कादंबरी वाचणारा तो सुजाण वाचक आणि लोकप्रिय कादंबरी वाचणारा तो नुसता वेळ घालविणारा, अशी एक वर्णव्यवस्था आपल्या साहित्यव्यवहारात फार दिवस नांदत आली आहे. जन्मजात उच्चनीचता नाकारणारे कार्यकर्तेदेखील वाचनालयाच्या समितीवर बसले, की ही विभागणी बिनतक्रार मान्य करतात. उलटपक्षी, लोकांना जे आवडते तेच खरे, असे म्हणून काहीजण सगळी चिकित्साच मोडीत काढतात. पहिल्या भूमिकेत वाचकाविषयी तुच्छता आहे. दुसरीत त्याच्याविषयी बेफिकिरी आहे. दोन्ही तपासून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम इतिहास पाहू. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी आज निर्विवादपणे अभिजात मानली जाते. पण ती १८९० पासून ‘करमणूक’ नावाच्या साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. आपला हेतू नावातच सांगणारे ते पत्र होते. क्रमशः कादंबरीला पुढच्या अंकापर्यंत वाचकाला धरून ठेवावेच लागते. यमूचे वैधव्य आणि तिचे सक्तीचे केशवपन घरोघर पोहोचले, ते करमणुकीच्या वाटेने. रंजकता आणि गांभीर्य ही एकमेकींची वैरिणी आहेत, हा समज मराठी कादंबरीच्या या पहिल्या मोठ्या यशानेच खोटा ठरविला आहे.

मग ‘अभिजात’ हा शिक्का कोण मारतो? १८८५ मध्ये मराठी ग्रंथकार सभेचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारले, ते याच प्रश्नावरून. ज्यांच्या ग्रंथांत शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला जागा नाही, त्यांच्या सभेशी आपला मेळ बसणार नाही, असा त्यांच्या नकाराचा आशय होता. पुढे अण्णा भाऊ साठे यांनी हा प्रश्न आपल्या लेखणीने पुन्हा उभा केला. शाळेशी जवळजवळ संबंधच न आलेला हा लेखक मुंबईच्या कामगारवस्तीत वाढला. त्याच्या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले आणि श्रमिकांनी त्याला आपला मानले. प्रस्थापित समीक्षेने मात्र त्याची लोकप्रियता बराच काळ त्याच्याविरुद्धचा पुरावा म्हणून वापरली. १९५९ ची ‘फकिरा’ आज विद्यापीठांत अभ्यासली जाते. पुस्तक तेच आहे. न्यायासनावर बसणारे बदलले.

याचा अर्थ असा नव्हे, की प्रत्येक लोकप्रिय पुस्तक ही उपेक्षित अभिजात कृतीच असते. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांच्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांनी पिढ्यान्‌पिढ्या वाचक घडविले, असंख्यांना अक्षराची गोडी लावली. हे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतो. अन्याय दूर करण्याचे काम दरवेळी एखादा अचाट नायकच करीत असेल, तर सामान्य माणसाच्या वाट्याला केवळ टाळ्या वाजविणे येते. हा आक्षेप मात्र रहस्यकथेलाच लावून थांबता येणार नाही. मानाचे पुरस्कार मिळविणाऱ्या ऐतिहासिक आणि पौराणिक कादंबऱ्यांतही एका थोर पुरुषाभोवती सारा समाज नेपथ्यासारखा उभा असतो. कसोटी लावायची तर ती दोघांना सारखीच लावली पाहिजे.

वाचकांचे मतभेद येथेच मोलाचे ठरतात. खांडेकरांच्या १९५९ च्या ‘ययाति’त कोणाला भोगवादाची निर्भत्सना दिसते, कोणाला अलंकारांचे ओझे जाणवते, तर एखादी वाचक ययातीला बाजूला सारून राजकन्येची दासी झालेल्या शर्मिष्ठेच्या बाजूने सारी कथा वाचते. नेमाड्यांच्या १९६३ च्या ‘कोसला’त एका पिढीला आपले रितेपण सापडले, पण शिक्षणासाठी रोजंदारी करणारा तरुण विचारू शकतो, की घरची शेती पाठीशी नसती तर पांडुरंग सांगवीकराला इतके उदास होणे परवडले असते काय? हा प्रश्न समीक्षेच्या परिभाषेत बसत नाही म्हणून तो अडाणी ठरत नाही. तो जगण्यातून आलेला आहे. अर्थात ज्याला पांडुरंगाच्या धाकट्या बहिणीचा मृत्यू वाचताना गलबलून येते, त्याचा अनुभवही तितकाच खरा आहे.

असा मतभेद होण्यासाठी मुळात दोघांनी पुस्तक वाचलेले असावे लागते. आपली खरी अडचण आवडीनिवडीची नसून पुस्तकाची किंमत, वाचनालयाची वेळ आणि वाचकाची फुरसत यांची आहे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ मध्ये झाला. अनुदानावर चालणारी हजारो ग्रंथालये उभी राहिली. पण कामगार पाळीवरून सुटतो तेव्हा ज्याचे दार बंद असते, ते ग्रंथालय त्याच्या दृष्टीने नसल्यासारखेच. दिवसभर शेतात आणि नंतर चुलीपाशी राबणाऱ्या बाईला वाचनाचा निवांतपणा कोण देणार? तिच्या अभिरुचीवर व्याख्यान देण्यापूर्वी याचे उत्तर शोधावे लागेल.

म्हणून ग्रंथालयांत काम करणाऱ्या साथींनी काही साध्या गोष्टी आग्रहाने कराव्यात. पुस्तकखरेदी समितीच्या पसंतीवरच न सोडता वाचकांच्या मागणीची वही ठेवावी आणि ती खरेदीच्या बैठकीत वाचून दाखवावी. मागणीतील रहस्यकथा जरूर घ्यावी. तिच्याच शेजारी ‘फकिरा’ही दिसेल अशी ठेवावी. महिन्यातून एकदा एका पुस्तकावर चर्चा ठेवावी आणि तीत प्राध्यापकांआधी वाचकांना बोलू द्यावे. आपले मत चारचौघांत मांडणे, विरुद्ध मत ऐकून घेणे आणि कारणे देऊन आपले मत राखणे किंवा बदलणे ही लोकशाहीची प्राथमिक शाळा आहे. तिथे बसायला कादंबरीवाचकाइतका उत्सुक विद्यार्थी दुसरा मिळणार नाही.