मात्रा सांगा, मग बोला

गेल्या महिन्यात एका रविवार पुरवणीत फॅब्रिक सॉफ्टनरवर लेख आला. लिहिणारे गृहस्थ रसायनशास्त्र शिकलेले आहेत आणि ते त्यांनी लेखात तीनदा सांगितलं आहे. रोख मात्र रसायनांवर नव्हताच, तो आयांवर होता. तान्ह्या मुलाच्या दुपट्याला सुगंधी सॉफ्टनर नको म्हणणाऱ्या बायकांना त्यांनी ‘रसायनभयाने पछाडलेल्या’ म्हटलं आहे. हा शब्द वाचला आणि ठरवलं, याला उत्तर द्यायचंच.

त्यांचा पूर्वपक्ष थोडक्यात असा. पाणीसुद्धा रसायनच आहे. विष पदार्थात नसतं, मात्रेत असतं, आणि सॉफ्टनरमधली मात्रा नगण्य आहे. इतकी वर्षं घरोघर वापर चालू आहे, कोणी मेलं नाही. नैसर्गिक म्हणवणाऱ्या रिठ्यानेही डोळे चुरचुरतात. ज्याला नको त्याने घेऊ नये.

पाणी रसायन आहे हे आठवीतलं पोर जाणतं. त्यावरून बाटलीतलं बाकी सगळं निर्धोक ठरत नाही. कोणी मेलं नाही हीच कसोटी लावायची तर खाज, दमा आणि अर्धशिशी असलेल्या माणसाला तक्रारीचा हक्कच उरत नाही. रिठ्याने डोळे चुरचुरतात हे खरं. पण रिठा हा रिठा म्हणूनच विकला जातो, काय घेतोय ते घेणाऱ्याला ठाऊक असतं. या तीन मुद्द्यांना यापेक्षा जास्त जागा देण्याचं कारण नाही.

आता मात्रा. हा त्यांचा हुकमी एक्का आहे, म्हणून इथे मी थांबणार आहे. मात्रेचं तत्त्व सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्ससपासून चालत आलेलं आहे आणि ते मला पूर्ण मान्य आहे. माझा प्रश्न एवढाच आहे: मात्रा किती, ते सांगा. कोणत्या पदार्थाची? बाटलीत किती? धुतलेल्या चादरीत किती उरते? ‘नगण्य’ हा आकडा नव्हे. ज्याने आकडा दिलेला नाही, त्याने मात्रेचा हवाला देऊ नये.

सॉफ्टनर म्हणजे काय ते आधी समजून घेऊ. तो साबण नव्हे, तो मळ काढत नाही. त्यातलं मुख्य द्रव्य म्हणजे चतुष्क अमोनियम संयुगं, ज्यांना धंद्यात ‘क्वाट्स’ म्हणतात. त्यांच्यावर धन विद्युतभार असतो आणि ओल्या सुती धाग्यावर ऋण, म्हणून ती धाग्याला चिकटतात. त्यांच्या चरबीसारख्या शेपट्या बाहेर राहतात आणि हाताला कापड मऊ लागतं. म्हणजे मऊपणा हा कापडाचा नसून कापडावरच्या थराचा असतो. त्याच थरामुळे टॉवेल पाणी कमी टिपतो. अमेरिकेत आगरोधक कापडाचे मुलांचे रात्रीचे कपडे मिळतात. त्यांना सॉफ्टनर वापरू नका अशी सूचना सॉफ्टनरच्या बाटल्यांवरच असते, कारण आगीला अडवण्याचा कापडाचा गुण त्याने कमी होतो. साबण विसळून निघून जावा यासाठी असतो. सॉफ्टनर मात्र कापडात राहावा म्हणूनच बनवलेला असतो. मग तो चोवीस तास कातडीला लागून राहतो: अंतर्वस्त्रात, उशीच्या अभ्र्यात, बाळाच्या लंगोटात.

आता वेष्टन वाचा. भारतात अंघोळीचा साबण सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्याखाली येतो, त्यावर घटकांची यादी छापावी लागते. कपड्यांची पावडर, लिक्विड आणि सॉफ्टनर त्या कायद्यात बसत नाहीत. पाकीटबंद मालासाठी २०११चे वैधमापन नियम आहेत. ते उत्पादकाचं नाव, वजन, किंमत, महिना आणि तक्रारीचा पत्ता मागतात, घटक मागत नाहीत. काही कंपन्या आपणहून थोडे घटक छापतात, काही छापत नाहीत. ‘सुगंध’ या एका शब्दामागे तर डझनावारी द्रव्यं असू शकतात. दोन मिनिटांत अंगावरून वाहून जाणाऱ्या साबणाची यादी सक्तीची आणि दिवसभर अंगावर राहणाऱ्या द्रव्याची नाही, हा आपला कायदा आहे. या अंधारात उभं राहून ते गृहस्थ मात्रेच्या गोष्टी सांगतात.

शिवाय मात्रेचं तत्त्व सगळ्यांना सारखं लागू पडत नाही. अॅलर्जी हा त्यातला मोठा अपवाद आहे. लिंबाच्या वासाचं लिमोनीन, लॅव्हेंडरच्या वासाचं लिनालूल ही द्रव्यं ताजी असताना फारशी त्रासदायक नसतात. हवेशी संयोग झाला की त्यांतून तयार होणारी हायड्रोपेरॉक्साइडं कातडीला संवेदनशील करतात. एकदा संवेदना जडली की मग अत्यल्प मात्राही पुरते. शेजाऱ्याला जे नगण्य, ते त्या माणसाला असह्य. अशा माणसाला एकच उपाय असतो: नाव वाचून ती वस्तू टाळणं. तेच नाव छापलेलं नाही.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्याकडे धुण्याला येणाऱ्या मावशी रोज पाच घरांचं धुणं करतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या बोटांना भेगा पडल्या, मीठ-मसाला हाताळता येईना. त्या म्हणाल्या, “ताई, पावडरीचं काही नाही, त्या वासाच्या पाण्याने झोंबतं.” मी त्यांना त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी आधी विचारलं, “वापरता त्यात काय काय आहे?” मी पाच घरच्या बाटल्यांचे फोटो पुढे केले. तीनांवर घटकच नव्हते, दोनांवर ‘सुगंध’ आणि ‘परिरक्षक’ एवढे शब्द होते. कोणता परिरक्षक, ते नाही. डॉक्टरांनी मोबाइल परत दिला आणि म्हणाले, “यावरून मी काय तपासू?” लेखातली ‘नगण्य मात्रा’ मोजताना या बाईचे हात कोणी धरले होते का? एका टोपणाची मात्रा गुणिले पाच घरं, गुणिले वर्षाचे दिवस, हा हिशोब लेखात कुठे आहे?

परिरक्षकाचीच गोष्ट घ्या. मेथिलआयसोथायझोलिनोन नावाच्या परिरक्षकाला २०१३ साली अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने ‘वर्षाचा अॅलर्जीकारक’ ठरवलं. अंगावर लावून ठेवायच्या प्रसाधनांत युरोपीय संघाने २०१७मध्ये त्यावर बंदी घातली. मलमात नको असलेलं द्रव्य चादरीत किती चालतं? सांगा ना मात्रा!

वेष्टनावर कधीच न येणारं आणखी एक द्रव्य म्हणजे १,४-डायॉक्सेन. ते कोणी मुद्दाम घालत नाही. फेस देणारे काही घटक बनवताना ते आपोआप उरतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘संभाव्य कर्करोगकारक’ गटात ठेवलं आहे. न्यूयॉर्क राज्याने २०२२च्या अखेरीपासून धुण्या-पुसण्याच्या घरगुती उत्पादनांत त्यावर दहा लाख भागांत २ भाग अशी मर्यादा घातली आणि २०२३च्या अखेरीपासून ती १ भागावर आणली. तिथली दुकानं बंद पडली नाहीत, माल सुधारला. मात्रा मोजली की ती कमी करता येते. हेच तर आम्ही म्हणतो आहोत.

ही ‘नगण्य’ची भाषा मला जुनी ओळखीची आहे. वनस्पती तुपाच्या वादात माझ्या आजीने हेच ऐकलं होतं. ते तेलच आहे, फक्त घट्ट केलेलं, असं तिला सांगितलं गेलं. डब्यात साजूक तूप घालणाऱ्या बायकांना मागासलेलं म्हटलं गेलं. घट्ट करताना तेलाचं काय होतं, हे विचारायचा तिला हक्क नव्हता, कारण ती शिकलेली नव्हती. २०२२पासून आपल्याकडे तेला-तुपातल्या ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे. आजी तोवर गेली होती. तिचा प्रश्न बरोबर होता, त्याला उत्तर मिळायला दोन पिढ्या लागल्या. सॉफ्टनरचा इतिहासही तोच धडा देतो. दशकानुदशकं विकलं गेलेलं एक क्वाट पाण्यात फार सावकाश विघटित होतं, म्हणून १९९०च्या दशकाच्या आरंभी युरोपातल्या उत्पादकांनी ते सोडलं. त्याआधीही ते सुरक्षित म्हणूनच विकलं जात होतं.

राहिला शेवटचा मुद्दा: ज्याला नको त्याने घेऊ नये. निवड माहितीवर होते. युरोपीय संघात २००५पासून धुलाईच्या मालावर २६ सुगंधी द्रव्यांची नावं, ती ०.०१ टक्क्याहून जास्त असतील तर, छापावी लागतात. कॅलिफोर्नियाने २०१७मध्ये कायदा केला आणि २०२१पासून सफाईच्या मालाच्या वेष्टनावर घटक आणले. आणि मावशींना निवड कुठे आहे? बाटली मालकीण निवडते, हात मावशींचे भिजतात. आळंदीला इंद्रायणीवर फेस तरंगतो. त्यात कारखान्यांचं पाणी आहे, गावोगावचं सांडपाणी आहे, आणि त्या सांडपाण्यात आपल्या मोरीतलंही आहे. नदीने कोणती निवड केली होती?

मग करायचं काय? मुंबई-कोकणात पावसाळ्यात कपडे खोलीतल्या दांडीवर दोन दोन दिवस वाळतात, कुबट वास येतो आणि तो झाकायला सॉफ्टनर ओतला जातो. हा वास ओल्या कापडात वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. सुगंधाने तो झाकला जातो, जात नाही. पावडर मोजून घाला, शक्य असेल तर एकदा जास्त विसळा, घट्ट पिळा, पंख्याखाली मोकळे वाळवा, ऊन पडलं की गच्चीत न्या. कापड कडक लागलं तर दांडीवर घालताना दोनदा जोरात झटका. जड पाण्याने फारच कडक होत असेल तर शेवटच्या पाण्यात थोडं पांढरं व्हिनेगर चालतं. ब्लीचबरोबर मात्र ते कधीही नको, त्यातून क्लोरीन वायू निघतो. बाळाच्या आणि आजाऱ्याच्या कपड्यांना सुगंध बंदच ठेवा.

मावशींच्या पाच घरांपैकी चार घरांनी सॉफ्टनर बंद केला. त्यांच्या भेगा सहा आठवड्यांत भरल्या. एका बाईच्या हातांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मला कळतं. म्हणूनच घटकांची यादी हवी आहे, म्हणजे डॉक्टरांना तपासता येईल आणि शास्त्राला बोलता येईल.

त्या गृहस्थांना माझं एवढंच सांगणं आहे: भिणाऱ्या आयांना शिकवण्याआधी लपवणाऱ्या वेष्टनावर लिहा. आणि वाचकांनो, आज घरातली बाटली उचलून उलटी करा. तिच्यावर ग्राहक सेवेचा नंबर छापलेला असतोच, तो कायद्याने छापावा लागतो. त्या नंबरावर फोन करा आणि संपूर्ण घटक लेखी मागा. उत्तर येईपर्यंत ती बाटली मोरीत ठेवू नका.