तालीम मास्तरांशिवाय

डे ला सोल ह्या अमेरिकन रॅप ग्रुपचे पहिले चार अल्बम माझ्या भाच्याने एका आठवड्यात लागोपाठ ऐकले आणि निकाल देऊन टाकला. "मामा, पहिले तीन भन्नाट. चौथ्यात मजाच नाही. तो प्रोड्यूसर गेला आणि सगळं संपलं."

हा निकाल त्याच्या एकट्याचा नव्हे. ह्या ग्रुपच्या जुन्या चाहत्यांतही असं मानणारे आहेत. प्रिन्स पॉल होता तोवर डे ला सोल, नंतरचे ते नुसते तीन रॅपर! मला हे पटत नाही. १९९६ साली आलेला तो चौथा अल्बम, 'स्टेक्स इज हाय', हा ह्या पोरांचा सगळ्यांत गोड अल्बम नसेल, पण तो निघाला नसता तर पहिल्या तिघांची किंमतही अर्धी झाली असती, असं माझं मत आहे. का, ते सांगतो.

आधी प्रोड्यूसर ह्या शब्दाचा घोळ मिटवू या. आपल्याकडे प्रोड्यूसर म्हणजे पैसे घालणारा माणूस. रॅपमध्ये तसं नसतं. तिथे बोल म्हणणारे वेगळे आणि त्या बोलांखालचं सगळं रचणारा वेगळा. ताल कुठला, कुठल्या जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून फिरता ठेवायचा, कुठे सगळं थांबवून नुसता आवाज ऐकवायचा, गाण्यांचा क्रम काय, हे सगळं त्याचं. हे आपल्या गोवेकरांना खरं तर समजावून सांगायला नको. मुंबईच्या हिंदी सिनेमाची गाणी ज्यांनी सजवली ते अरेंजर आपलेच. शंकर-जयकिशनच्या गाण्यांत व्हायोलिनांचा जो ताफा उसळतो, त्यामागे सबॅस्टियन डिसोझांचा हात. पण कॅसेटच्या कव्हरवर त्यांचं नाव शोधावं लागायचं. रॅपचा प्रोड्यूसर म्हणजे असा अरेंजर, आणि वर थोडा संगीतकार, थोडा दिग्दर्शक. फरक इतकाच की त्याचं नाव ठळक छापतात.

प्रिन्स पॉलचं नाव तर फारच ठळक. मूळ नाव पॉल ह्यूस्टन. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ॲमिटीव्हिल नावाचं गाव आहे, तिथला. ब्रुकलिनच्या स्टेट्सासॉनिक ह्या ग्रुपचा तो डीजे होता. त्याच गावातली तीन पोरं, पॉस्डनूस, ट्रुगॉय (ह्याला पुढे सगळे डेव्हच म्हणू लागले) आणि मेसिओ, एक कच्ची टेप घेऊन त्याच्याकडे आली. गुरू म्हणावं तर तो त्यांच्यापेक्षा वयाने जेमतेम दोन-तीन वर्षांनी मोठा. पण त्याला ते ऐकून कळलं की ही पोरं वेगळी आहेत, आणि ह्यांना सरळ करण्याच्या फंदात पडू नये. मला वाटतं, त्याचं मोठेपण इथेच सुरू होतं.

१९८९ साली टॉमी बॉय कंपनीने 'थ्री फीट हाय अँड रायझिंग' काढला. काय नव्हतं त्यात! अल्बमचं नावच जॉनी कॅशच्या पुरावरच्या एका गाण्यावरून सुचलेलं. मुलांना पाढे शिकवण्यासाठी टीव्हीवर लागणारं एक गाणं उचलून त्याचं 'द मॅजिक नंबर' केलेलं. ओटिस रेडिंगची शीळ आणि स्टीली डॅनच्या गाण्याचा तुकडा एकाच गाण्यात शेजारी शेजारी नांदतात, आणि दोघांना परकं वाटत नाही. मध्ये मध्ये टीव्हीवरच्या प्रश्नमंजुषेचं सोंग. रॅपच्या अल्बममध्ये गाण्यांच्या मध्ये असे नाट्यप्रवेश घालायची चाल रुजली ती मुख्यतः इथून, प्रिन्स पॉलच्या डोक्यातून.

पुढचा 'डे ला सोल इज डेड' १९९१चा. पहिल्या अल्बमवरच्या डेझीच्या फुलांमुळे लोक ह्यांना हिप्पी म्हणू लागले होते, म्हणून ह्याच्या कव्हरवर फुलांची कुंडीच उलटी पडलेली! आत एक गोष्ट चालू असते. काही पोरांना कचऱ्यात ह्याच अल्बमची टेप सापडते, दांडगट पोरं ती हिसकावतात, ऐकत ऐकत नावं ठेवतात आणि शेवटी पुन्हा कचऱ्यात फेकतात. स्वतःच्या कामाची एवढी थट्टा स्वतःच करायची, त्याला छाती लागते. १९९३च्या 'बलून माइंडस्टेट'मध्ये जेम्स ब्राऊनच्या वाद्यवृंदातले मेसिओ पार्कर, फ्रेड वेस्ली, पी वी एलिस असे वाजवणारे आले. मला विचाराल तर तिघांतला हाच सर्वांत पक्व. आणि प्रिन्स पॉलबरोबरचा शेवटचा.

एक गोष्ट मध्येच सांगायला हवी, कारण तिच्याशिवाय पुढचं कळत नाही. पहिल्या अल्बमवर जेमतेम मिनिटभराचा एक तुकडा आहे. फ्रेंच भाषा शिकवणारी एक रेकॉर्ड आणि तिच्याखाली द टर्टल्स ह्या साठीच्या दशकातल्या ग्रुपचं गाणं, संथ केलेलं. परवानगी घेतलेली नव्हती. टर्टल्सवाले कोर्टात गेले, प्रकरण कोर्टाबाहेर मिटलं. १९९१ साली बिझ मार्की ह्या दुसऱ्या रॅपरविरुद्ध गिल्बर्ट ओ'सलिव्हनच्या गाण्यावरून न्यूयॉर्कच्या न्यायाधीशांनी निकालच दिला, आणि तेव्हापासून तुकडा केवढाही असो, आधी परवानगी, आधी पैसे, असा रिवाज झाला. म्हणजे पहिल्या अल्बमसारखं पंचवीस ठिकाणचं आणून शिजवणं आता कुणालाच परवडणारं नव्हतं. प्रिन्स पॉल राहिला असता तरी ते दिवस परत आले नसते. "तो गेला म्हणून मजा गेली" म्हणणारे हे विसरतात.

तर चौथ्या अल्बमच्या वेळी प्रिन्स पॉल नव्हता. काडीमोड म्हणावा असं काही नव्हतं. बहुतेक गाण्यांचं काम तिघांनी स्वतः अंगावर घेतलं.

आमच्या गावात उत्सवाच्या नाटकाला दरवर्षी बाहेरून तालीम मास्तर यायचे. एखाद्या वर्षी ते आले नाहीत की पोरं आपणच उभं करायची. नाटकात खाचखळगे राहायचे, विनोदाच्या जागा हुकायच्या. पण मास्तरांनी आधीच्या वर्षांत नेमकं काय शिकवलं ते त्याच प्रयोगात कळायचं. मास्तर विंगेत उभे असताना सगळंच त्यांचं वाटतं. 'स्टेक्स इज हाय' मी तसा ऐकतो.

सुरुवातच बघा. नाट्यप्रवेश नाही, सोंग नाही. बूगी डाऊन प्रॉडक्शन्सचा 'क्रिमिनल माइंडेड' हा १९८७चा अल्बम आपण पहिल्यांदा ऐकला तेव्हा कुठे होतो, हे निरनिराळी माणसं सांगतात. एवढंच. आपल्याकडे नांदीत देवाचं नाव घेतात, ह्यांनी आपल्या आधीच्यांचं घेतलं. आणि मग अल्बम ज्या स्वरात बोलू लागतो तो तक्रारीचा आहे. स्वतःच्याच घरातल्या माणसांविरुद्धची तक्रार! तोवर रॅपमध्ये पैसा आला होता. महागड्या कपड्यांची नावं, दारू, बंदुका, आपण कसे गुंड आहोत ह्याची बढाई, हेच विकलं जात होतं. शीर्षकगीतात ह्या एकेका गोष्टीचा आपल्याला कसा उबग आलाय त्याची यादीच वाचली जाते. 'इट्सोविझी'मध्ये डेव्ह एकटाच बोलतो, त्याच विषयावर, पण ओठांच्या कोपऱ्यात हसत.

हा अल्बम २ जुलै १९९६ला आला. त्याच दिवशी नॅसचा 'इट वॉज रिटन' आला, त्यात माफियाचा थाट होता. नॅस मोठा कवी, त्याला कमी लेखत नाही. पण एकाच दिवशी दुकानात दोन वाटा शेजारी शेजारी मांडलेल्या होत्या म्हणा ना. सप्टेंबरात टूपॅक शकूर गोळ्या लागून मेला, पुढच्या मार्चमध्ये नटोरियस बीआयजी. अल्बमचं नाव 'पणाला फार काही लागलंय' अशा अर्थाचं होतं, ते असं शब्दशः खरं ठरलं. आता सांगा, ह्या विषयावर गमतीचे प्रवेश कुठे बसवणार होता? प्रिन्स पॉलची थट्टा सुंदर होती, पण ह्या वेळी पोरांना सरळ तोंडावर बोलायचं होतं. मास्तर असते तर त्यांनी ते वाक्य विनोदात गुंडाळलं असतं, असं मला वाटतं. कदाचित अधिक चांगलं गुंडाळलं असतं, तेही कबूल. पण गुंडाळलंच असतं.

आणि भाच्याच्या लक्षात न आलेली दुसरी गोष्ट. शीर्षकगीताचं संगीत तिघांनी स्वतः केलं नाही. ते दिलं डेट्रॉइटच्या बावीस वर्षांच्या एका पोराला. तेव्हा त्याला जे डी म्हणत, पुढे जे डिला. त्या काळी ह्याचं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. त्याने पियानोवादक अहमद जमालच्या 'स्वाहिलीलँड' ह्या रचनेतला एक छोटा तुकडा घेतला आणि त्याखाली असे ड्रम ठेवले की गाणं चालताना किंचित रेलून चालतंय असं वाटतं. बाकी जवळजवळ काही नाही. २००६ साली, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी तो वारला, आणि आज रॅपच्या संगीताबद्दल बोलताना त्याचं नाव टाळून पुढे जाता येत नाही. ह्याच अल्बमच्या 'बिग ब्रदर बीट'मध्ये मॉस डेफ आहे. त्याचा स्वतःचा पहिला अल्बम यायला अजून तीन वर्षं होती. 'द बिझनेस'मध्ये कॉमन आहे, शिकागोचा, तोही तरुणच.

म्हणजे १९८८ साली कच्ची टेप घेऊन आलेल्या तीन पोरांसाठी जे पॉलने केलं, तेच आठ वर्षांनी ह्यांनी दुसऱ्या पोरांसाठी केलं. ऐकलं, ओळखलं, जागा दिली, आणि जागा तरी कुठली? अल्बमचं नाव ज्या गाण्यावरून, ती! मास्तरांची शिकवण नाट्यप्रवेशांत शोधणाऱ्याला ती ह्या अल्बममध्ये सापडणार नाही, हे उघड आहे.

आता भाच्याच्या बाजूनेही बोललं पाहिजे. अल्बम लांब आहे. मधली दोन-तीन गाणी एकमेकांसारखी वाटतात, आणि इथे कात्री चालवायला बाहेरचा माणूस हवा होता हे जाणवतं. पहिल्या तीन अल्बममध्ये कंटाळा यायच्या आत कुणीतरी दार उघडून आत यायचं, काहीतरी बरळून जायचं. ते दार ह्यात बंद आहे. प्रिन्स पॉल नसण्याची ही किंमत आहे आणि ती ऐकू येते. पण किंमत मोजलेली दिसते म्हणून सौदा तोट्याचा म्हणायचा का?

पॉलचंही काही अडलं नाही. ग्रेव्हडिगाझ नावाचा भुताखेतांचा खेळ त्याने आधीच मांडला होता. १९९९ला 'अ प्रिन्स अमंग थीव्ज' ह्या अल्बममध्ये तर अख्खी गोष्टच सांगितली, पात्रं, प्रसंग, सगळं. नाटक त्याच्या अंगातलं, ते त्याच्याबरोबर गेलं. इकडे हे तिघेही चालत राहिले, कधी बरे, कधी फार बरे. २०१६च्या अल्बमसाठी त्यांनी चाहत्यांकडून वर्गणी काढली आणि सहा लाख डॉलरांहून अधिक जमले. त्यातून वादक बसवले, तासन् तास वाजवून घेतलं, आणि मग त्या स्वतःच्याच रेकॉर्डिंगमधून तुकडे कापले. परवानगीचा प्रश्नच मिटला!

पहिल्या अल्बमांचं मात्र भोग सरायला फार वेळ लागला. जुन्या तुकड्यांच्या हक्कांची आणि कंपनीशी पैशांच्या वाटणीची भांडणं अशी की इंटरनेटवर गाणी ऐकणाऱ्या पिढीला ते मिळेचनात. आमच्यासारख्या कॅसेट-सीडीवाल्यांकडे होते, बाकीच्यांना नुसती नावं ठाऊक. २०२१ साली रिझर्व्हॉर कंपनीने टॉमी बॉय विकत घेतली आणि ३ मार्च २०२३ला सगळे अल्बम एकदम खुले झाले. डेव्ह त्याच्या एकोणीस दिवस आधी, १२ फेब्रुवारीला गेला. चौपन्न वर्षांचा होता. त्या मार्चमध्ये ज्या तरुण पोरांनी 'इट्सोविझी' पहिल्यांदा ऐकलं, त्यांनी ते एका मेलेल्या माणसाचं गाणं म्हणून ऐकलं.

ज्यांना रॅप ऐकायची सवय नाही त्यांनी सुरुवात 'द मॅजिक नंबर'पासून करावी, मग 'बलून माइंडस्टेट'मधलं 'ब्रेकाडॉन', आणि तिसरं थेट 'स्टेक्स इज हाय'चं शीर्षकगीत. हेडफोन लावून, शब्द कळले नाहीत तरी चालेल, ड्रमकडे लक्ष ठेवून. त्यानंतर अहमद जमालची मूळ रचना लावा आणि जे डीने त्यातलं नेमकं काय उचललं ते शोधा. तो तुकडा अगदी लहान आहे, आणि अहमद जमाल त्यावर फार रेंगाळत नाही.