त्वचेवरचे पहारेकरी

अंधेरी-बोरिवलीची वा घाटकोपर-मुलुंडची पावसाळी लोकल म्हणजे घामट, ओल्या कपड्यांची दाटी. नायट्याला याहून सोयीची जागा कोणती? खाज सुटली, की शेजाऱ्याने सांगितलेले मलम औषधाच्या दुकानातून आणायचे, हा रिवाजच पडून गेला आहे. अशा मलमात पुष्कळदा स्टेरॉईड असते. खाज थांबते; बुरशी मात्र पसरत राहते. कारण स्टेरॉईड त्या जागची प्रतिकारशक्तीच लुळी करते.

त्वचा ही नुसती भिंत नव्हे. तिच्यावर 'स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस'सारखे एरवी निरुपद्रवी जिवाणू नांदतात. २०१२ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांनी दाखविले, की हे जिवाणूच त्वचेतील टी-पेशींना सज्ज ठेवतात. ते नसतील तर पहारा ढिला पडतो. जिवाणूनाशक, बुरशीनाशक आणि स्टेरॉईड यांचे मिश्रण चोपडणारा माणूस शत्रूबरोबर पहारेकऱ्यांनाही घायाळ करतो.

स्टेरॉईडयुक्त मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत, असा नियम केंद्र सरकारने २०१८ मध्ये कडक केला. कागदावर तो उत्तम आहे. दुकानाच्या फळीपर्यंत तो पोहोचला पाहिजे. चिठ्ठी मागणारा दुकानदार गिऱ्हाइकाला अडवीत नसतो, त्याच्या कातडीची राखण करीत असतो.