करून पाहा : एका पानाचं पुष्कळ सोनं

दोस्तांनो, इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत शरद ऋतू म्हणजे लाल-पिवळ्या पानांची पानगळ. आपल्या पनवेलला मात्र आश्विनात कर्नाळ्याचं रान हिरवंगार असतं. पिवळी होतात ती भाताची शेतं! पानगळ पुढे शिशिरात. पण आपट्याला तेवढी सवड मिळते कुठे? दसरा आला की फांद्याच्या फांद्या ओरबाडून बाजारात येतात आणि दुसऱ्या दिवशी ते 'सोनं' केरात जातं.

यंदा घरातल्या बालवाडीवाल्यांना सोबत घ्या आणि एकाच पानाचं पुष्कळ सोनं करा.

साहित्य : आपट्याचं एक पान, पातळ कोरे कागद, पिवळे-केशरी मेणखडू, कात्री.

कृती : पान पालथं ठेवा. शिरा खालच्या बाजूनंच उठून दिसतात. त्यावर कागद ठेवून तुम्ही घट्ट धरा. खडू मात्र छोट्यांच्या हाती! खडू आडवा धरून हलकेच घासायचा. बघता बघता जोडपान उमटेल, शिरांसकट. तेच पान पुन्हा वापरा. कात्री तुम्ही चालवा. रंग थोडा बाहेर गेला? जाऊ दे! तो पुसून नीटनेटका करत बसू नका. ते सोनं त्यांचं आहे.

दसऱ्याला हेच सोनं आजी-आजोबांना द्या. झाडावरची पानं झाडालाच राहू देत. अन्न तयार करायचं त्याचं काम अजून चालू आहे. पानगळ आली की ते आपणहून पानं टाकेल. तेव्हा हवी तेवढी वेचा!