नाकामुराबाईंचं शिवणयंत्र

‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचा ३१ ऑगस्ट १९४६ चा अंक. मुखपृष्ठावर उन्हाळ्यातल्या सहलीचं प्रसन्न चित्र. आत नेहमीची व्यंगचित्रं नाहीत, कथा नाहीत. नाटक-सिनेमांच्या याद्या आणि जाहिराती सोडल्या, तर अंकभर एकच मजकूर: जॉन हर्सी या बत्तीस वर्षांच्या पत्रकाराने हिरोशिमावर लिहिलेला सुमारे एकतीस हजार शब्दांचा वृत्तान्त. इंग्रजीत वर्णन कसं करावं असं कुणी विचारलं, की मी हाच वृत्तान्त वाचायला सांगतो.

अणुबाँबसारखी घटना समोर असली, की ‘हॉरिबल’, ‘डिव्हास्टेटिंग’, ‘अनइमॅजिनेबल’ हे शब्द आपसूक धावून येतात. हर्सीने त्यांच्यावर भार टाकला नाही. त्याने बाँब पडला त्या क्षणी, सकाळच्या सव्वाआठला, सहा माणसं काय करत होती, ते सांगितलं. कचेरीत बसलेली तोशिको सासाकी शेजारच्या टेबलावरच्या मुलीशी बोलायला मान वळवत होती. डॉक्टर फुजिई आपल्या इस्पितळाच्या ओसरीवर मांडी घालून ‘ओसाका असाही’ वाचायला बसत होते. शिंप्याची विधवा हात्सुयो नाकामुरा स्वयंपाकघराच्या खिडकीतून शेजाऱ्याकडे पाहत होती. आगीला आडवा पट्टा मोकळा ठेवायचा म्हणून तो स्वतःचंच घर पाडत होता.

बाँब पडल्यावर या नाकामुराबाई मुलांना ढिगाऱ्यातून ओढून काढतात आणि निघण्यापूर्वी आपलं शिवणयंत्र घरासमोरच्या सिमेंटच्या पाण्याच्या टाकीत टाकतात. नवरा सिंगापूरला लढाईत गेला, त्यानंतर शिवणकामावरच घर चाललं होतं. आग आली तरी पाण्यातली वस्तू वाचेल, एवढा हिशेब त्या धावपळीतही त्या बाईने केला. पुढे ते यंत्र बाहेर निघालं, तेव्हा गंजून निकामी झालेलं होतं. तिचं दारिद्र्य, धीर, उद्याची आशा आणि त्या आशेचं काय झालं, हे सगळं एका यंत्रात आलं. हर्सी तिला ‘शूर’ म्हणाला असता, तर वाचकाने मान डोलावून पुढचं पान उलटलं असतं.

डॉक्टर कोणतं वर्तमानपत्र वाचत होते, याने बाँबच्या कहाणीत काय फरक पडतो? फार पडतो. ते नाव विचारल्याशिवाय कळत नाही. हर्सी हिरोशिमात गेला, अनेकांशी बोलला, त्यांतले सहा जण निवडले आणि त्यांना बारीकसारीक प्रश्न विचारले. त्याचं इंग्रजी मुद्दाम सपाट ठेवलेलं आहे, पण त्यातला प्रत्येक तपशील चौकशीतून मिळवलेला आहे. म्हणून वाचक त्याच्यावर विश्वास ठेवतो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये लंडनच्या ‘होरायझन’ मासिकात जॉर्ज ऑर्वेलचा राजकारण आणि इंग्रजी भाषा यांवरचा निबंध आला होता. खेड्यांवर बाँब टाकून त्याला ‘पॅसिफिकेशन’ म्हणायचं, म्हणजे जळणारी झोपडी कुणाच्या डोळ्यांपुढे येत नाही, हे त्याने तिथे दाखवलं. हा ऑर्वेल तरुणपणी ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होता. १९३१ साली त्याने एका फाशीचं वर्णन लिहिलं. त्यात कैदी वधस्तंभाकडे चालताना वाटेतलं डबकं चुकवायला किंचित बाजूला होतो. फाशीच्या शिक्षेविरुद्धचे कितीतरी युक्तिवाद मी विसरलो, ते पाऊल विसरता आलेलं नाही.

आपल्याकडे इंग्रजी निबंधाची तयारी मात्र शब्दांच्या याद्या पाठ करून होते. मार्गदर्शिकेत सूर्योदय ‘मॅग्निफिसंट’, बाजार ‘बसलिंग’ आणि आजी ‘अफेक्शनेट’. मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना वाटतं, आपल्याकडे इंग्रजी शब्द कमी म्हणून आपलं वर्णन फिकं. हा समज मला घातक वाटतो, कारण तो मुलांना शब्दकोशाकडे पाठवतो आणि समोरच्या माणसाकडे पाहू देत नाही. हर्सीचे बहुतेक शब्द नववीच्या मुलाला कळतील असे आहेत.

इंग्रजी शिकवणाऱ्यांना माझी विनंती आहे. निबंधात ‘माय ग्रँडमदर इज अफेक्शनेट’ असं वाक्य आलं, तर त्याच्यापुढे बरोबरची खूण करू नका. समासात लिहा: आजी काय करते? आणि उत्तर येईपर्यंत वही परत घेऊ नका.